हे काम तुम्ही निवडलंत की निवडावं लागलं? अनुभव लिहा

बहिणीच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचं चाललंय. तिला मेकॅनिकल हवंय आणि घरातले सगळे म्हणतायत कॉम्प्युटर घे, मुलीला बरं पडतं. मी स्वतः २००६ ची मेकॅनिकलची, तरी तिला काय सांगावं ते मला सुचेना, म्हणून हा धागा काढतेय. तुम्ही आत्ताच्या कामात कशा आलात, कुठल्या साध्या गोष्टीने वाट बदलली ते लिहा. सल्ले नकोत, जे झालं ते लिहा.

सुरुवात मी करते. पहिली नोकरी भोसरीला, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे पत्रा दाबून पार्ट बनवतात. शेडमध्ये लेडीज टॉयलेट नव्हतं, ऑफिस बिल्डिंगला जायचं म्हणजे अख्खी शेड ओलांडून सगळ्यांच्या नजरेसमोरून, मग सकाळी अर्धा कप चहा आणि दुपारच्या जेवणापर्यंत पाण्याचा घोट नाही असं सुरू झालं. दुसऱ्या उन्हाळ्यात तीनदा युरिन इन्फेक्शन. सेफ्टी शूज सगळ्यात लहान ७ नंबर, माझा पाय ४ चा, दोन मोजे आणि पुढे कापूस कोंबून चालायचे. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांसाठी वेगळी सोय हवी असं स्पष्ट लिहिलं होतं हे मला फार उशिरा कळलं, तेव्हा वाटायचं आपणच नाजूक. साहेब माणूस म्हणून चांगले होते, म्हणाले मॅडम तुम्ही डिझाइनला जा, एसी आहे. गेले. कागदावर 'स्वतःच्या विनंतीवरून' असं लिहिलंय. डिझाइनचं काम मला आवडतं, खरंच आवडतं, पण नव्या डायचा, म्हणजे साच्याचा, पहिला पार्ट प्रेसमधून हातात यायचा, कोमट असायचा, कडेची बर, ती खरखरीत धार, बोटाला लागायची, ते परत मिळालं नाही.

सांगली जिल्हा, सरकारी बँक

ताई, 'स्वतःच्या विनंतीवरून' वाचून मी पाच मिनिटं तशीच बसले. मी २०११ ला ऑफिसर म्हणून लागले. वरच्या पदाच्या, म्हणजे स्केल २ च्या प्रमोशनचा फॉर्म दोनदा भरलाच नाही, कारण प्रमोशन म्हणजे बदली, आमच्यातले कोण गुजरातला गेले कोण आसामला. माझा मुलगा तेव्हा ३ वर्षांचा, सासूबाईंचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, मिस्टरांचं दुकान गावात, ते काय उचलून नेता येतं का. २०१४ ला अर्थ मंत्रालयाने सरकारी बँकांना सांगितलं होतं की महिलांना शक्यतो नवरा असेल त्या ठिकाणी बदली द्या. पण ती विनंती करायची, आणि विनंती करणारी बाई कायम मिंधी राहते असा माझा अनुभव आहे. मॅनेजर म्हणाले, तुम्हाला काय कमी आहे, साहेब कमावतायत की. माझ्याबरोबर लागलेला मुलगा आज चीफ मॅनेजर आहे, हुशार आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्यालाही आई आजारी होती पण तिच्याजवळ त्याची बायको राहिली.

नाशिक, प्राथमिक शिक्षिका

माझं थोडक्यात. बाबा म्हणाले बाईने दुपारी घरी येता येईल अशी नोकरी करावी, म्हणून डीएड केलं. पण मला शिकवायला मनापासून आवडतं. पहिलीतलं पोर पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहितं तेव्हा मी दरवर्षी रडते. कोणी 'सेफ नोकरी घेतलीस' म्हणलं की लागतं.

न्यू जर्सी

पुण्यात टेस्टिंगमध्ये ६ वर्षं केली, २०१२ ला लग्न करून नवऱ्याच्या नोकरीवर बायकोला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर इथे आले, त्यावर तेव्हा कामाची परवानगीच नव्हती. २०१५ च्या मे मध्ये नियम बदलला, पण मुख्यतः ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालाय त्यांच्यासाठी, आमचा २०१७ ला झाला. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न, पाच वर्षं काय करत होता? आता शाळेत सब्स्टिट्यूट टीचर आहे.

नागपूर, सध्या मंत्रालयात

आडनावाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. खाजगी कंपनीत इंटरव्ह्यूला आडनाव ऐकून विचारलं, म्हणजे नक्की कुठले तुम्ही? नोकरी मिळाली, पण डब्याला बसलं की दोघीजणी हळूच दुसऱ्या टेबलावर, दोन वर्षं हेच. मग एमपीएससी केली. इथेही 'कोट्यातून आली' ऐकू येतं, पण यादीत नाव लागलंय, ते कुणाच्या मर्जीवर नाही. मला अकाउंट्सचं काम जास्त जमायचं हे मात्र खरं.

नंदुरबार, आशा

मी १४ वर्षं आशा आहे, गावात आरोग्याचं काम करते. मला नर्स व्हायचं होतं, दहावी पास होते, पण एएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सला, जिल्ह्याला राहावं लागलं असतं, घरून नाही म्हणले. आशाचं निघालं तेव्हा सासऱ्यांनीच नाव दिलं, कारण नियमच असा की बाई त्याच गावची रहिवासी पाहिजे, लग्न झालेली, विधवा नाहीतर घटस्फोटित. म्हणजे मी सून होते हीच माझी पात्रता. पगार नाही, कामामागे मोबदला आणि मानधन, आम्हाला कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. रात्री २ ला १०८ मधून बाळंतिणीला घेऊन जाते, ती आत गेली की आशाला बसायला जागा नसते, मी दवाखान्याच्या पायरीवर पिशवी डोक्याखाली घेऊन पडते. सकाळी सिस्टर विचारते, पेशंटचं वजन किती, एचबी (हिमोग्लोबिन) किती? मला सगळं तोंडपाठ असतं.

धागा काढणारी

सगळ्यांचे अनुभव भाचीला वाचायला दिले. आशाताईंचा तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, मावशी, तुझ्या शेडमध्ये आता टॉयलेट आहे का? आहे, २०१६ पासून. बूट पण ५ नंबरपासून मिळतात, मी मागच्या महिन्यात स्टोअरला जाऊन विचारून आले होते. तिने अजून काही ठरवलेलं नाही, फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय.