ठाणे ते नागपूर: विमानाने खरा वेळ किती धरायचा?

घोडबंदरवाली: नमस्कार मंडळी, जानेवारीत नागपूरला लग्न आहे, सोबत सासूबाई, वय ७४, गुडघे दुखतात, रात्रभर ट्रेनमध्ये त्यांना झेपणार नाही. मॅपवर मुंबई-नागपूर सरळ अंतर ६९० किमीच्या आसपास दिसतंय, विमान ताशी ८०० ने जातं म्हणतात मग तासाच्या आत पोचायला हवं ना, पण तिकिटावर दीड तास असतो. असं का? आणि घरातून निघाल्यापासून एकूण किती धरू?

ऐरोलीकर: ताई तिकिटावरचा वेळ म्हणजे इकडचं गेट सोडल्यापासून तिकडच्या गेटला लागेपर्यंत, नुसता हवेतला नाही. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरता येतो, मग टेकऑफसाठी रांग लागते. त्यात बरेचदा विमान समुद्राकडे उडतं आणि मग वळून पूर्वेला जातं, म्हणजे सुरुवातच उलट्या दिशेला. वर चढताना आणि उतरताना फुल स्पीड नसतोच. येताना अजून थोडं जास्त धरा, थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून येतात आणि मुंबईवर गर्दी असली तर घिरट्या घालायला लावतात.

भिवंडीचा_भाऊ: समृद्धीने जा की! जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला, आता आमणे ते नागपूर पूर्ण ७०१ किमी, आणि आमणे तर आपल्या ठाणे जिल्ह्यातच. सरकार ८ तास सांगतं, थांबत गेलात तर १० धरा. टायर आणि हवा आधी चेक करा, काँक्रीटवर सलग स्पीडने टायर तापतात.

वाशीची_मावशी: भाऊ, दुखऱ्या गुडघ्यांना १० तास गाडीत नको, मी विमानच सांगेन. हिशोब असा, घोडबंदर ते टर्मिनल दीड तास कारण तिथलं ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे, विमानतळावर दोन तास आधी, चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतं, मग दीड तास प्रवास, बॅगा घेऊन नागपूर शहरात जायला पाऊण-एक तास. म्हणजे सहाच्या आसपास, पण त्यातला बराचसा वेळ बसून जातो. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा, तिथे गेल्यावर मागितली तर ताटकळावं लागतं. आणि तिकिटावर विमानतळ कुठला ते नीट वाचा हं! डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही फ्लाइट्स सुटतात, तो उलव्याला आहे, आम्हाला सोयीचा पण तुम्हाला मुंबईचाच जवळ.

घोडबंदरवाली: खूप मदत झाली सगळ्यांची. सकाळची घेऊ की दुपारची?

ऐरोलीकर: पहिली सकाळची. जानेवारीत उत्तरेत धुकं असतं, तिकडून येणारं विमान लेट झालं की तेच पुढे नागपूरला जाणार असेल तर तुम्हीही लेट. पहाटेचं विमान बहुतेक रात्रभर मुंबईतच उभं असतं. शिवाय घोडबंदर रोड पहाटे मोकळा मिळेल, दीडऐवजी पाऊण तासात पोचाल.