रापीला बारीक धार: ४०० नंतर कोणता दगड?

प्रश्न: चपलेच्या तळाचं म्हशीचं कातडं छिलताना रापी (चांभाराची कातडं छिलायची सुरी) ओढते, कड फाटते. ४०० ग्रिटचा (आकडा जास्त तितका दाणा बारीक) दगड आहे. पुढचा कुठला घेऊ?

– दादा, १००० आणि ३०००, दोनच बास. १००० वर घासताना पात्याच्या उलट बाजूला नखाला अडकणारी धातूची बारीक लव येते. ती टोकापासून टोकापर्यंत आली पाहिजे. मध्ये कुठं तुटली असंल तर तिथं धार पोचलेलीच नाही. ३००० वर कितीही घासा, फुकट.

– पाणी लावून वापरायच्या दगडाला तेल नको, भोकं बुजतात. दगड खोलगट झाला की धार गोलसर येते. त्यावर पेन्सिलीनं रेघा मारा, काचेवर ठेवलेल्या २२० ग्रिटच्या वॉटर पेपरवर (ओला करून वापरायचा घासकागद) त्या जाईस्तोवर दगड घासा.

– शेवटी कातड्याच्या पट्टीवर हिरवं पॉलिश (धारेला लावायचं, बुटाचं नव्हे) लावून दहादा फिरवा. पातं मागंच ओढा, पुढं ढकललं की पट्टी कापते.