शेवाळाच्या बायोडिझेलचा धूर: खरोखर कमी की नुसताच न दिसणारा?

साकोलीचा धानकरी (प्रश्न)

नमस्कार. धान चुरताना आम्ही थ्रेशरला एका सिलिंडरचे जुने ऑइल इंजिन जोडतो. वारा फिरला की त्याचा काळा धूर खळ्यावरच परत येतो आणि संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रुमालावर काजळी उमटते. शेवाळाच्या तेलाचे बायोडिझेल जाळल्यास धूर जवळजवळ नाहीसा होतो, असे गावातील एक विद्यार्थी सांगतो. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर पावसाळ्यानंतर शेवाळाचा जाड थर येतो, म्हणून कुतूहल अधिकच वाढले. धूर कमी दिसला म्हणजे तो छातीलाही कमी बाधतो, असे समजावे काय?

यंत्र-अध्यापक, अमरावती

काही अंशी होय. बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, जो खनिज डिझेलमध्ये जवळपास नसतोच. त्यामुळे इंधनाच्या फवाऱ्याच्या ज्या भागात हवा अपुरी पडते तेथेही ज्वलन बरेचसे पुरे होते आणि काजळी, कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन घटतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली अवजड वाहनांच्या इंजिनांवरील चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा शुद्ध बायोडिझेलवर काजळी व कार्बन मोनॉक्साइड जवळपास निम्मे झाले होते, पण नायट्रोजनचे ऑक्साइड सुमारे १० टक्क्यांनी वाढले होते. २० टक्के मिश्रणात ही वाढ साधारण २ टक्के होती. ते आकडे मुख्यतः सोयाबीनसारख्या तेलांचे आहेत. नायट्रोजनचे ऑक्साइड काळे दिसत नाहीत, पण श्वासनलिकेचा दाह करतात. म्हणून केवळ धुराच्या रंगावरून निर्णय घेऊ नये.

शेवाळाचे तेल एकाच प्रकारचे नसते. नॅनोक्लोरोप्सिससारख्या सागरी शेवाळाच्या तेलात कार्बनच्या साखळीत चार-पाच दुहेरी बंध असलेली मेदाम्ले (तेलाचे मूळ घटक) आढळतात. दुहेरी बंध वाढले की सर्वसाधारणपणे नायट्रोजनचे ऑक्साइड वाढण्याकडे कल असतो आणि इंधन लवकर खवट होते. युरोपीय मानकात चार किंवा अधिक दुहेरी बंधांच्या एस्टरचे (मेदाम्लांपासून बनलेल्या बायोडिझेलच्या घटकांचे) प्रमाण १ टक्क्यावर रोखले आहे, ते मुख्यतः या खवटपणासाठी. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला ड्रम किती तापतो, हे वेगळे सांगायला नको. तेच तेल हायड्रोजनची प्रक्रिया करून शुद्ध केले तर मिळणारे इंधन रचनेने खनिज डिझेलच्या जवळ जाते. त्यात ऑक्सिजन उरत नाही, म्हणून वरचा हिशेब त्याला लावता येत नाही.

तलावातील थराविषयी मात्र आशा बाळगू नये. तंतुमय व निळ्या-हिरव्या शेवाळात तेल फारच थोडे असते, शिवाय ते काढण्यापूर्वी ढीगभर पाणी हटवावे लागते.

पंपदुरुस्ती, यवतमाळ

सरांच्या म्हणण्याला कारखान्यातली एक गोष्ट जोडतो. जुन्या यांत्रिक पंपात बायोडिझेल कमी दबते, त्यामुळे दाब नोझलपर्यंत लवकर पोहोचतो आणि फवारा ठरल्या वेळेच्या किंचित आधी सुटतो. ज्वलन आधी सुरू झाले की आतील उष्णता वाढते आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही वाढतात. टायमिंग थोडे मागे घेतले तर ते उतरतात, पण काजळी व डिझेलचा खर्च चढतो. दोन्ही बाजू एकदम साधत नाहीत. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या शुद्ध बायोडिझेलने फुगतात आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर चोंदतो. तुमचा काळा धूर ऐकून मला तर इंधनापेक्षा नोझलचाच संशय येतो. फवारा धुक्यासारखा न पडता धार पडत असेल, किंवा एअर फिल्टर भुशाने भरला असेल, तर कोणतेही तेल घाला, धूर येणारच.

साकोलीचा धानकरी

दोघांचेही आभार. आज एअर फिल्टर उघडला, तेव्हा आत धानाचा कोंडा बोटभर साचलेला होता. नोझल सोमवारी तपासायला नेतो आणि तोवर सायलेन्सरला उभा पाइप जोडून धूर खळ्याच्या वर सोडतो.