कंपोस्ट टिकलं ते ग्रुपमुळेच

कुणीतरी म्हटलंय की बागकामाच्या ग्रुपवरचे फोटो लाइक करून कुणाच्या सवयी बदलत नाहीत, मला नाही पटत. ओला-सुका कचरा वेगळा करायचा नियम २०१६ पासून देशभर आहे, पण मी घरी खत करायला लागले ते गच्चीवरच्या बागवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमुळे. पहिल्याच महिन्यात बादलीला घाण वास सुटला आणि जाड जाड अळ्या वळवळायला लागल्या, सासूबाई म्हणाल्या आत्ताच्या आत्ता फेक ते, मी फोटो टाकला तर दहा मिनिटांत तिघांची उत्तरं, की अगं अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या आहेत, चावत नाहीत, उलट कचरा भराभर खातात, आणि वास येतोय कारण ओलं जास्त झालंय नि आत हवा जात नाहीये, सुका पालापाचोळा भरपूर घाल आणि ढवळत जा. चार दिवसांत वास गेला! तेव्हा कुणी सांगितलं नसतं तर मी तिथेच सोडलं असतं. हां, तिथे खत लवकर व्हायला ही पावडर मागवा ती मागवा पण फार चालतं, ते मला आवडत नाही, माझं त्याऐवजी आंबट ताक घालून मस्त भागतं.

आता पाला कमी पडतोय, कोथरूडच्या आसपास कुणी जाळत असेल तर प्लीज थांबवा, मी पोती घेऊन येते.