दुसरीचा वर्ग: ढकलाढकली आणि हिसकाहिसकी थांबत नाही

पाटीपेन्सिल: माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे. मुलं वाईट नाहीत, पण रांग लावा म्हटलं की ढकलाढकली, खोडरबर हवं असलं की सरळ हिसकावायचं. 'शहाण्यासारखं वागा' सांगून घसा बसला. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी सुचवलं म्हणून सामाजिक कौशल्यांचा तास घेतला. गोष्ट सांगितली, प्रश्न विचारले. 'विचारून घ्यावं', 'थांबावं', सगळी उत्तरं बरोबर! आणि घंटा झाल्यावर दारात तीच झोंबाझोंबी. मग या तासाचा उपयोग काय?

मधलीसुट्टी: बाई, उत्तर आलं म्हणजे वागता आलं असं नव्हे. आधी एवढं बघा, त्या पोराला येतच नाही, की येतं पण करत नाही? मानसशास्त्रज्ञ फ्रँक ग्रेशम यांनी हाच भेद मांडलाय आणि वर्गात तो फार कामाला येतो. हिसकावलं की रबर लगेच मिळतं हे ज्याला पक्कं कळलंय, त्याला आणखी काय शिकवणार? त्याला ते परत द्यायला लावायचं आणि नीट मागितल्यावर मिळेल असं बघायचं.

ज्याला खरंच येत नाही, त्याच्यासाठी एकच कृती घ्या. मी 'वस्तू मागणं' असं घेतो: समोरच्याकडे बघायचं, नाव घ्यायचं, 'मला देशील?' विचारायचं, हात स्वतःजवळ ठेवून थांबायचं. आधी मी करून दाखवतो, मग जोड्या करतात, मग काय जमलं ते सांगतो. पण गाडी अडते ती समोरचा 'नाही' म्हणाला की. म्हणून 'नाही' ऐकून घ्यायची तालीमच मी जास्त घेतो. पोरं आधी फिदीफिदी हसतात, हसू द्या.

आणि रांगेची तालीम बाकावर बसून होत नाही. सुट्टीच्या आधी दारातच घ्या. जमलं की नुसतं 'शाब्बास' नको. 'पुढच्याला धक्का न लावता उभा राहिलास' असं म्हणा.

अर्धविराम: गट पाडून गुण देण्याचा खेळही आहे, १९६९ पासूनचा, गुड बिहेवियर गेम. नियम मोडला की गटाच्या नावावर खूण, खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर गट जिंकला. दोन्ही गटही जिंकू शकतात. चालतो छान. फक्त एकाच पोरामुळे गट हरायला लागला तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात, तेव्हा त्याला वेगळं खेळवा.

पाटीपेन्सिल: खेळ सध्या नको, कारण तसं एक पोर आहेच. उद्या दारातली तालीम घेते. पण सर, त्याने नीट मागितलं तरी सगळे त्याला 'नाही'च म्हणतात, त्याचं काय?

मधलीसुट्टी: मग शिकवायचंय बाकीच्यांना. देण्याची तालीमही घ्या, आणि सुरुवातीला त्याची जोडी जरा मायाळू पोराशी लावा. त्याला पहिले काही 'हो' मिळाल्याशिवाय तो मागण्याच्या भानगडीत पडणार नाही.