पामिटोयलेशन: जोडलेला मेद वेळेवर निघाला नाही तर आजार का होतो?

जैवतंत्र_विद्यार्थिनी (कॉलेज रोड, नाशिक):
नमस्कार. मी एम.एस्सी. जैवतंत्रज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारसाठी प्रथिनांचे पामिटोयलेशन हा विषय घेतला आहे. 16 कार्बनांचे पामिटिक आम्ल प्रथिनातील सिस्टीनला थायोएस्टर बंधाने जोडले जाते, त्यामुळे एरवी पेशीद्रव्यात तरंगणारे प्रथिन पटलाला धरून राहू शकते आणि माणसात हे जोडकाम डीएचएचसी नावाच्या गटातील 23 विकरे करतात, इथपर्यंत समजले आहे. अडचण आजारांपाशी येते. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात हंटिंग्टिन प्रथिनाचे पामिटोयलेशन कमी पडते, असे वाचले. उलट पीपीटी1 हे विकर नसल्याने पामिटेट (म्हणजे जोडलेले पामिटिक आम्ल) निघत नाही आणि लहान मुलांच्या मेंदूची झीज होते, असेही वाचले. मग पीपीटी1 नसेल तर रास हे पेशीला वाढीचे संदेश देणारे, बिघडल्यास कर्करोगाला हातभार लावणारे प्रथिन पटलावर कायमचे अडकून राहते, असे म्हणता येईल का? शिवाय पाम तेल खाल्ल्याने हे वाढते का, असे घरी आईने विचारले आणि मला नीट उत्तर देता आले नाही.

निवृत्त_अध्यापक (गंगापूर रोड):
रासविषयीचे ते विधान सेमिनारमध्ये करू नका. पामिटेट काढण्याची दोन वेगळी कामे पेशीत चालतात आणि पाठ्यपुस्तके ती बहुधा एकाच परिच्छेदात उरकतात, त्यामुळे हा गोंधळ दरवर्षी होतो.

पहिले काम पेशीद्रव्याच्या बाजूला चालते. रासच्या एन-रास या प्रकाराला गॉल्जी संकुलात (पेशीतील प्रथिने पाठवणाऱ्या केंद्रात) पामिटेट जोडले जाते, तेथून ते पुटिकांबरोबर (छोट्या पिशव्यांबरोबर) पेशीच्या बाहेरच्या प्रद्रव्यपटलाकडे जाते. मग एपीटी आणि एबीएचडी17 गटातील विकरे तो बंध तोडतात, प्रथिन सुटून पेशीभर पसरते आणि गॉल्जीजवळ पोचताच पुन्हा पकडले जाते. दावणीचे जनावर सोडावे आणि फिरून त्याच गोठ्यात आणून बांधावे, तसा हा प्रकार आहे. ही फेरी काही मिनिटांत पुरी होते. येथे बंध तोडणे हा संदेशवहनाचाच भाग आहे, कारण रास कोठे आणि किती वेळ आहे यावर ते कोणता संदेश देईल हे ठरते.

दुसरे काम लयकारिकेच्या, म्हणजे पेशीतील टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशवीच्या, आत चालते. प्रथिने जुनी झाली की त्यांचे तुकडे होतात, पण सिस्टीनला चिकटलेला मेद सुटल्याशिवाय त्या तुकड्यांची पुरती विल्हेवाट लागत नाही. तो मेद सोडवणे हे पीपीटी1चे मुख्य काम आहे. ते नसेल तर लयकारिकांत स्वयंप्रदीप्त (विशिष्ट प्रकाशात आपोआप चमकणारा) साठा वाढत जातो आणि आयुष्यभर टिकून राहणाऱ्या, विभाजन न पावणाऱ्या चेतापेशींना त्याची झळ सर्वांत आधी बसते. साठा हेच झिजेचे एकमेव कारण आहे, असे मात्र लिहू नका. चेतासंधींवरील परिणामांचाही अभ्यास चालू आहे.

कर्करोगाचा उल्लेख करणार असाल तर एक खबरदारी घ्या. एच-रास आणि एन-रास पामिटेटवर अवलंबून आहेत, पण के-रास4बी नाही. ते फार्नेसिल हा वेगळा मेदगट आणि लायसिन या अमिनो आम्लांच्या धनभारित पट्ट्याच्या आधारे पटलाला धरते. त्यामुळे पामिटोयलेशन रोखले की सगळे रास थांबेल, हा समज चुकीचा आहे.

द्राक्षबागेजवळचा (दिंडोरी):
मी एका वाइनरीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आपल्याकडे टाक्यांमध्ये द्राक्षरस आंबवणारे यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, याच विषयात मोठ्या मानाने मिरवते. विषाणूच्या प्रथिनावर मेदाम्ल जोडलेले असते हे 1979 मध्ये दिसले होते, परंतु जोडणारी विकरे 2002 मध्ये याच यीस्टमध्ये ओळखली गेली: रास2साठी ईआरएफ2-ईआरएफ4 ही जोडी आणि दुसऱ्या एका प्रथिनासाठी एकेआर1. यीस्टमध्ये अशी सातच डीएचएचसी प्रथिने आहेत. हंटिंग्टिनला पामिटेट जोडणारे माणसातील एचआयपी14 हे विकर एकेआर1चेच नातेवाईक आहे. इतिहासाची स्लाइड येथून सुरू केलीत, तर यीस्टमधून माणसाच्या आजाराकडे सहज जाता येईल.

बालरोग_नाशिक:
वरील चर्चेला रुग्णाच्या बाजूने थोडी जोड देतो. पीपीटी1च्या अभावाचे शैशवी रूप साधारण 6 ते 24 महिन्यांच्या वयात दिसू लागते. मूल बसायला, वस्तू पकडायला शिकलेले असते आणि मग तेच विसरू लागते. डोक्याची वाढ मंदावते, झटके येतात, दृष्टी जाते. पालक बहुधा झटक्यांसाठी येतात, पण खरी खूण आधीच्या प्रगतीची माघार ही असते, म्हणून मूल काय करत होते आणि काय करेनासे झाले, हे वेगळे विचारावे लागते. रक्तातील विकराची क्रिया मोजून आणि जनुकीय तपासणीने निदान होते. आजार अप्रभावी वारशाने येतो: आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात 25 टक्के शक्यता राहते. नात्यातील लग्ने होणाऱ्या कुटुंबांत पुढच्या गर्भारपणाआधी समुपदेशन व्हायलाच हवे. आजार बरा करणारे उपचार आज हाती नाहीत.

जैवतंत्र_विद्यार्थिनी:
सर्वांचे मनापासून आभार. सर, आईच्या प्रश्नाचे काय सांगू? आणि पामिटोयलेशन प्रयोगशाळेत ओळखतात कसे, हेही सांगाल का?

निवृत्त_अध्यापक:
आईंना सांगा की पामिटिक आम्ल शेंगदाणा तेलातही असते, तुपात तर बरेच असते आणि जेवणात अजिबात नसले तरी शरीर ते पिष्टमय पदार्थांपासून बनवते. कोणत्या प्रथिनाला ते जोडायचे, हे विकरे ठरवतात. अति मेदयुक्त आहाराने उंदरांत काही प्रथिनांचे पामिटोयलेशन बदलते, असे प्रयोग आहेत. पण त्यावरून कढईतल्या तेलाचा निवाडा करणे घाईचे ठरेल. पाम तेलाबद्दलचा आक्षेप संपृक्त मेद आणि रक्तातील कोलेस्टेरॉलवरून आहे आणि तो स्वतंत्रपणे योग्यच आहे.

ओळखण्यासाठी अॅसिल-बायोटिन विनिमय ही पद्धत सांगा. प्रथम मोकळे सिस्टीन एन-इथिलमॅलिमाइड या रसायनाने झाकतात, मग हायड्रॉक्सिलअमाइनने थायोएस्टर बंध तोडतात आणि नव्याने उघड्या पडलेल्या सिस्टीनवर बायोटिन या सहज शोधता येणाऱ्या रेणूची खूण बसवतात. नमुन्याचा अर्धा भाग हायड्रॉक्सिलअमाइनशिवाय त्याच पायऱ्यांतून न्यावा लागतो. त्या भागातही खूण दिसली, तर मोकळे सिस्टीन पुरते झाकले गेलेले नाहीत आणि प्रयोग पुन्हा करावा लागेल. परीक्षक विचारतील तर हेच विचारतील.