मदत हवी आहे: तयार डेस्कटॉपमधला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येईल का?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एका कंपनीचा तयार डेस्कटॉप आहे. प्रोसेसर इंटेल कोअर आय७-८७००के, मदरबोर्डचा चिपसेट झेड३७०. 'के' म्हणजे मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) खुला आणि झेड चिपसेटवर ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) चालतं, म्हणून मी निर्धास्त होतो. पण बायोस (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्ज) उघडलं तर त्यात बूटचा क्रम, तारीख-वेळ, पासवर्ड एवढंच! मल्टिप्लायर नाही, व्होल्टेज नाही. सगळं कंपनीने झाकून ठेवलंय. पैसे खुल्या प्रोसेसरचे घेतले, मग हे कशाला? खरंच राग येतो.

खरी अडचण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार) करताना येते. सुरुवातीला सगळे ६ कोअर ४.३ गिगाहर्ट्झवर धावतात, पण साधारण अर्ध्या मिनिटात ३.७ वर येतात आणि तिथेच राहतात. तापमान तेव्हा ७८ अंश, म्हणजे गरम होऊन वेग पडतोय असं वाटत नाही. थ्रॉटलस्टॉप या वेग का पडतो ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'पीएल१' (प्रोसेसरने सतत किती वीज घ्यायची ती मर्यादा) लाल दिसतं. म्हणजे ९५ वॅटची मर्यादा आड येतेय ना?

ती मर्यादा विंडोजमधून, इंटेल एक्सटीयू (प्रोसेसरच्या सेटिंग्ज बदलायचं इंटेलचं सॉफ्टवेअर) वापरून वाढवता येईल का, की बायोसने तीही कुलूपबंद केली असेल? पॉवर सप्लाय फक्त ३०० वॅटचा आहे, शिवाय मदरबोर्डच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंकच नाही. मला जास्त भीती त्याचीच वाटते. ५ गिगाहर्ट्झचा हट्ट नाही, ४.३ टिकले तरी पुरे. बायोस अपडेट करून पाहिलं, फरक नाही.

असाच तयार डेस्कटॉप कुणी हाताळला असेल तर कृपया सांगा. मदरबोर्ड बदलायचा झाल्यास हीच केस आणि पॉवर सप्लाय चालेल का?